कपाटाची किल्ली आणि मुक्त शिक्षण

गेल्या हिवाळ्यात भिलाईला जाऊन आलो. बाबांनी निवृत्तीनंतर टाउनशिपच्या बाहेर, दुर्गच्या बाजूला एक लहानसे घर बांधले होते. ते आता विकायचे ठरले असल्याने माळ्यावरचे सामान आवरणे भाग होते. पितळेची भांडी, कसर लागलेले स्वेटर आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे बाजूला केल्यावर एका पत्र्याच्या पेटीत मला माझी अकरावीची गणिताची टिपणे सापडली. माझी म्हणायची ती एवढ्याचसाठी की ती माझ्याकडे राहिली. मुळात ती आमच्या गणिताच्या सरांची. सर स्वतः स्टेन्सिल कापत, कागदाचे रीम स्वतःच्या पैशाने आणत आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढून वर्गात वाटत. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर हिंदीत एक सूचना असे. तिचा आशय असा की, ही पाने वापरून झाली की खालच्या वर्गातील कोणाला तरी द्यावीत, आणि एखादी चूक आढळल्यास ती दुरुस्त करून मगच द्यावीत.

त्या वयात ही सूचना मला काटकसरीची वाटली होती. सर मितव्ययी होते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकच होते. आता पस्तीस-चाळीस वर्षांनंतर, सरकारी नोकरीत शिक्षणविषयक योजनांच्या बऱ्याच फायली हाताखालून गेल्यावर, ती सूचना पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की जगात ज्याला आज मुक्त परवाना म्हणतात तो याहून फारसा वेगळा नाही. वापरा, सुधारा, पुढे द्या. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा २००१ साली केली, आणि युनेस्कोच्या एका बैठकीत 'मुक्त शैक्षणिक साधने' हा शब्दप्रयोग २००२ साली रूढ झाला. आमचे सर त्याआधी दीड तप भिलाईच्या एका सेक्टरमधील क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून तेच करीत होते. त्यांना त्याबद्दल कोणी काही म्हटले नाही, चांगलेही नाही आणि वाईटही नाही.

या निमित्ताने शिक्षण, तंत्रज्ञान आणि 'मुक्त' या शब्दाविषयी गेली काही वर्षे मनात घोळत असलेले विचार मांडतो. मी शिक्षक नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि व्यवसायाने सरकारी अधिकारी आहे, तेव्हा माझी दृष्टी त्या दोन चौकटींची आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

भिलाई हे गाव महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला नवे नाही. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि विदर्भातून कितीतरी तरुण नागपूरहून गाडीत बसून इकडे आले. माझे बाबा वर्धा जिल्ह्यातून १९६१ साली आले. त्याआधीही या मुलखात मराठी घरे होतीच. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून रतनपूर-रायपूरकडे आलेली कुटुंबे आणि नंतर मध्यप्रांताच्या नोकरशाहीतून आलेली कुटुंबे यांचे मराठी आमच्यापेक्षा जुन्या वळणाचे असे. याच मुलखात पेंड्राहून १९०० साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मातृभाषेने मराठी होते. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले तेही त्यांनीच. एका भाषेतले ज्ञान दुसऱ्या भाषेच्या दारात नेऊन ठेवणे यालाच शिक्षणाचे खुलेपण म्हणावयाचे असेल, तर छत्तीसगडमधील त्याचा इतिहास उपग्रहाच्या पुष्कळ आधीचा आहे.

उपग्रहाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती आमच्या दुर्ग जिल्ह्यात घडली आणि नव्या पिढीला ती बहुधा ठाऊक नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे नेमके एक वर्ष भारतात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६९ साली अमेरिकेच्या नासाशी करार झाला होता. प्रयोग सुरू झाला तेव्हा साराभाई हयात नव्हते. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरावयास मिळाला आणि आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. मध्य प्रदेशच्या वाट्याची खेडी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतली होती. सकाळी दीड तास शाळांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास सर्वांसाठी कार्यक्रम होत. सकाळचा दीड तास हिंदी, ओरिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत वाटलेला असल्याने एका भाषेच्या मुलाच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

बाबांच्या मिलमधील एका सहकाऱ्याचे गाव या यादीत होते. त्यांच्या आग्रहावरून बाबा मला एका रविवारी संध्याकाळी सायकलच्या दांड्यावर बसवून तेथे घेऊन गेल्याचे अंधुक आठवते. मी सहा वर्षांचा होतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची एक भलीमोठी उलटी छत्री, तिच्याभोवती दूर राहण्यासाठी घातलेले काट्यांचे कुंपण, आणि अंगणात दाटीवाटीने बसलेली माणसे. टाउनशिपमध्ये विजेचे दिवे, नळ, दवाखाना, रशियन लोकांचा क्लब सर्व काही होते, पण दूरचित्रवाणी नव्हती. ती प्रथम पाहिली ती खेड्यात. हा उलटा क्रम योजनाकारांनी जाणूनबुजून ठरविला होता. शहराला आधी आणि खेड्याला उरलेसुरले, ही आपल्याकडील रीत एका वर्षापुरती का होईना मोडली गेली, आणि त्याबद्दल त्या पिढीच्या शास्त्रज्ञांविषयी मला आजही आदर वाटतो.

या वर्षात जवळजवळ ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यात आले. दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष हाताने करावयाचे प्रयोग अशी त्याची चौपदरी रचना होती. माझ्या मते संपूर्ण 'साइट'मधील सर्वांत दूरदृष्टीचा भाग हाच होता. मुलांसमोर थेट पडदा ठेवण्याऐवजी शिक्षकाला आधी शहाणे करावे, हे तेव्हा कोणाला तरी सुचले होते. नंतरच्या अनेक योजनांत ते सुचलेले दिसत नाही.

उणीवही सांगितली पाहिजे. बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांना मिळून हिंदी कार्यक्रम एकच होता. दुर्गच्या खेड्यातील पोर घरी छत्तीसगढी बोलते, मुजफ्फरपूरचे पोर मैथिली किंवा बज्जिका आणि जयपूरकडचे ढूंढाडी. तिघांनाही एकच प्रमाण हिंदी. जो महाराष्ट्राबाहेर परक्या माध्यमाच्या शाळेत शिकला आहे त्याला पहिलीतील मुलाची ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गात बाई काहीतरी मजेदार बोलल्या, सगळे हसले, आणि आपणही हसायचे म्हणून हसलो. असे हसणे मी दोन वर्षे हसलो आहे. त्याच काळात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात कार्यक्रम करणारी मंडळी त्या त्या गावात जाऊन, तेथल्या माणसांच्या तोंडची भाषा घेऊन कार्यक्रम करीत होती. ते आकाराने लहान होते; म्हणून त्यांना ते जमले, हेही खरे.

३१ जुलै १९७६ नंतर उपग्रह भारताच्या आकाशातून हलविण्यात आला. काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांनी पुढे सोय झाली, पण पुष्कळशा खेड्यांतील संच मुके झाले.

'साइट'च्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८४ पासून दूरचित्रवाणीवर दिसणारे आयोगाचे कार्यक्रम आणि १९९३ चा दप्तराच्या ओझ्यावरील अहवाल यांमुळे त्यांचे नाव पुष्कळांना परिचित असते. पण छत्तीसगडशी त्यांचा दुसऱ्यांदा संबंध आला तो निराळ्याच कारणाने. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाल्यावर २००२ साली खाजगी विद्यापीठांसाठी एक कायदा करण्यात आला आणि अल्पावधीत ११२ विद्यापीठे अधिसूचित झाली. त्यांतील बऱ्याच विद्यापीठांना इमारत नव्हती, प्राध्यापक नव्हते, ग्रंथालय नव्हते. होते ते राजपत्रातील नाव. यशपाल थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द ठरविली आणि ती विद्यापीठे नाहीशी झाली. शिकण्यासाठी दार उघडावे म्हणून ज्या माणसाने आयुष्य वेचले, त्यालाच पदवीच्या दुकानांचे दार बंद करण्यासाठी याचिका करावी लागली. यात मला विसंगती दिसत नाही. ज्ञान वाटण्यावर बंधन नसावे, ज्ञान मिळाल्याचे प्रमाणपत्र वाटण्यावर मात्र कडक असावे. ब्रिटनचे ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली निघाले, आपल्याकडे हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२, इग्नू १९८५ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. प्रा. राम ताकवले यांनी नाशिकला जी घडी बसविली तिचे सूत्र साधारण हेच होते की प्रवेश सैल असावा, अभ्याससाहित्य उत्तम असावे आणि परीक्षा प्रामाणिक असावी.

आता माझ्या स्वतःच्या कारकिर्दीतील एक प्रसंग. तो सांगणे मला फारसे सुखाचे नाही.

१९८७ नंतर केंद्र सरकारच्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून देशभरातील शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट संच देण्यात आले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, १९९७ साली, अशा योजनांच्या चाचणी-तपासणीसाठी मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात गेलो होतो. जिल्ह्याचे नाव देत नाही. दोन शिक्षकी शाळा, पत्र्याचे छप्पर, समोर लिंबाचे झाड. मुख्याध्यापक पन्नाशीचे होते, गावात सर्व त्यांना गुरुजी म्हणत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेला संच मी पाहावयास मागितला. गुरुजींनी तो दाखविला. पिक्चर ट्यूब गेलेली होती. चौकशीत समजले की गुरुजी संच रोज व्हरांड्यात काढून ठेवीत. सकाळी मुलांसाठी, दुपारी बायकांसाठी, संध्याकाळी बातम्या आणि शेतीच्या कार्यक्रमासाठी, आणि क्रिकेट असले म्हणजे क्रिकेटसाठी. गावात दुसरा संच नव्हता. व्होल्टेज वरखाली होऊन एक दिवस ट्यूब गेली.

मी नियमाप्रमाणे लिहिले: विहित प्रयोजनाव्यतिरिक्त वापर, त्यामुळे शासकीय मालमत्तेचे नुकसान, जबाबदारी निश्चित करून वसुली करण्यात यावी. गुरुजी म्हणाले, "साहेब, वापरला म्हणून बिघडला. न वापरता ठेवला असता तर आज तुम्हांला चांगला दाखवला असता." मला ते बोलणे उर्मट वाटले. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. चार हजारांच्या आसपासची रक्कम त्यांच्या वेतनातून हप्त्याहप्त्याने वसूल झाली.

दोन वर्षांनी पूर्ततेच्या पडताळणीसाठी त्याच तालुक्यात जाणे झाले. संचाची दुरुस्ती झालेली होती. तो लोखंडी कपाटात होता, वर प्लॅस्टिकचे आवरण, आवरणावर कापडी खोळ, कपाटाला कुलूप आणि किल्ली गुरुजींच्या जानव्याला. रजिस्टर निर्दोष. वापर-नोंदवहीत आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते साडेअकरा, अशा एकाच शाईतल्या एकाच हाताच्या नोंदी. मी संच लावून दाखवावयास सांगितले तेव्हा वर्गातील मुले उभी राहून पाहू लागली. त्यांनी तो चालू असलेला कधी पाहिला नव्हता हे कळावयास फार बुद्धी लागत नव्हती. गुरुजी काही बोलले नाहीत. आक्षेप निकाली काढण्यात आला आणि त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'काटेकोर' हा शब्द आला.

त्या शाळेत तंत्रज्ञान अपयशी ठरले असे नंतर कोणी म्हटले असेल तर ते चूक आहे. तंत्रज्ञान व्यवस्थित चालू होते, ते बंद केले मी. पुढे संगणक आले, संगणकखोल्या आल्या, टॅब्लेट आले, आणि देशातल्या ज्या ज्या शाळांत मी ते कुलपात पाहिले तेथे मला ती खोळ आठवली.

यामागचे अर्थशास्त्र साधे आहे. भिलाईच्या कारखान्यात रेल्वेसाठी रूळ होतात. जो रूळ कटनीच्या मार्गावर घातला तो कोकणात घालता येत नाही. दुसऱ्या मार्गासाठी दुसरा रूळ ओतावा लागतो, लाटावा लागतो. धड्याचे तसे नाही. एकदा चांगला धडा तयार झाला की तो एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि आणखी एका मुलापर्यंत तो पोचविण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्या वस्तूचा सीमांत खर्च शून्य, तिला किंमत लावणे किंवा कुंपण घालणे हे समाजाचे नुकसान आहे, हे आम्ही एम.ए.च्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. परंतु हे गणित फक्त धडा पाठविणाऱ्याच्या बाजूचे आहे. धडा घेणाऱ्याच्या बाजूला वीज लागते, उपकरण लागते, कळणारी भाषा लागते, आणि मूल अडखळले म्हणजे शेजारी बसून 'कोठे अडले?' असे विचारणारे माणूस लागते. यांपैकी शेवटच्या गोष्टीचा खर्च कोणत्याही यंत्राने कमी केलेला नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखविले होते की चार वादकांची रचना वाजवावयास दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे तितकाच आजही लागतो, म्हणून इतर वस्तू स्वस्त होत गेल्या तरी अशी कामे महागच होत जातात. शिकविणे हे त्यातले काम आहे. आपल्या योजनांचे अंदाजपत्रक पाहावे तर पाठविणाऱ्याच्या बाजूला रकाने भरपूर आणि घेणाऱ्याच्या बाजूला 'आकस्मिक खर्च' एवढाच एक.

२० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याचे आयुष्य २०१० साली संपले. २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची व्याख्याने एनपीटीईएलवर मिळू लागली, २०१७ मध्ये स्वयं आणि दीक्षा आले. एनपीटीईएलने अभियांत्रिकीच्या मुलांचे खरोखर भले केले, कारण घेणाऱ्याच्या बाजूचा खर्च त्या वयाची मुले स्वतः उचलू शकतात. भिलाईची आयआयटी २०१६ साली रायपूरमधील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाली आणि कुटेलाभाठा येथील तिची स्वतःची वास्तू २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आयआयटीतले प्राध्यापक भिलाईच्या खोल्याखोल्यांतून ऐकले जात होते. मात्र चौथीतल्या मुलाचे तसे होत नाही.

हे छत्तीसगडला २०२० साली चांगलेच कळले. टाळेबंदी लागताच ७ एप्रिल २०२० रोजी राज्याने 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', ही इंटरनेटवरील योजना सुरू केली. नाव छत्तीसगढीत होते ही चांगली खूण होती. थोड्याच दिवसांत दिसून आले की कित्येक दारांत फोन नाही, फोन आहे तर नेट नाही. मग ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांच्यासाठी ब्लूटूथवरून ध्वनिफिती देणारे 'बुलटू के बोल' आले, बस्तरसारख्या भागात गावच्या चौकात ध्वनिवर्धक लावून धडे ऐकविले गेले, आणि 'पढ़ई तुंहर पारा'मधून शिक्षक वस्तीवस्तीत, झाडाखाली, मंदिराच्या ओट्यावर चार-चार, सहा-सहा मुले घेऊन बसू लागले. तंत्रज्ञान पायरी-पायरीने खाली उतरत गेले आणि शेवटी माणसापाशी आले. सरकारी योजना इतक्या लवकर स्वतःची चूक ओळखून खाली उतरते हे मी फार थोड्या वेळा पाहिले आहे, म्हणून त्याची नोंद करावीशी वाटते. अर्थात त्या दोन वर्षांत मुलांचे झालेले नुकसान एवढ्याने भरून निघाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव सर्वांना आठवेल. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी पुस्तकातील क्यूआर कोडचेच कौतुक केले, आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली याचे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी आधी पाठ्यपुस्तक त्या भाषेत नेले. कोड नंतर आला.

आता 'मुक्त' या शब्दाकडे वळतो. मराठीत आपण मोफत आणि मुक्त हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू लागलो आहोत. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे मला ती वस्तू बदलता येते, दुसऱ्या भाषेत नेता येते, माझ्या वर्गाला बेतून घेता येते आणि पुढे देता येते. बालभारतीची पुस्तके आज संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, ही मोठी सोय आहे. माझे स्वतःचे मराठी वाचन मामांनी दर उन्हाळ्यात नागपूरहून आणलेल्या जुन्या बालभारतीवर झाले. पहिल्या पानावर आधीच्या तीन मालकांची खोडलेली नावे असत. पण पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव असतात. परदेशातील एखाद्या मराठी शाळेतील ताईंना त्यातला धडा घेऊन, बैलगाडीच्या जागी बर्फ आणून, शेवटी इंग्रजी शब्दार्थ जोडून आपल्या मुलांसाठी पुस्तिका छापावयाची असेल तर त्यांना परवानगी मागावी लागेल. त्या बहुधा मागणार नाहीत. गुपचूप झेरॉक्स काढतील आणि पुस्तिका त्या एका गावापुरती राहील.

आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार सरकारने प्रसिद्ध केलेल्या साहित्यावर सरकारचा साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो. अमेरिकेत संघसरकारच्या साहित्यावर असा हक्कच नसतो. शिकविण्याच्या ओघात प्रती काढण्यास आपला कायदा मोकळीक देतो, आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातील झेरॉक्सच्या खटल्यात तिचा उदार अर्थ लावला, ही समाधानाची गोष्ट. पण प्रत काढणे निराळे आणि बदल करून प्रसिद्ध करणे निराळे. एनसीईआरटीने २०१३ साली मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले तेव्हा त्यातील साहित्य बदलण्यास आणि वाटण्यास मोकळीक देणारा परवाना लावला. म्हणजे शासनाला हे अशक्य नाही. ज्या साहित्याचा खर्च एकदा करदात्याने दिला आहे ते मुळातच मुक्त असावे, आणि हक्क राखून ठेवायचा असेल तर तसे कारण फाइलवर नोंदवावे, असा नियम करावयास माझ्या मते एक परिपत्रक पुरे आहे. आज उलट आहे, कारण मोकळे करण्यासाठी द्यावे लागते.

यावर एक सहकारी म्हणतात की असे केले तर कोणीही धड्यात काहीही घालील. घालील खरे. पण चुकीचा मजकूर आजही फोनवरून गावोगावी फिरतोच आहे, आणि त्याला कोणाचा परवाना लागत नाही. अडतो तो फक्त नियम पाळणारा शिक्षक. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञानखेळणी आणि हिंदी, मराठी, इंग्रजी भाषांतील हजारो पुस्तके सर्वांसाठी खुली ठेवली. त्यासाठी कोणाला नाव नोंदवावे लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमाशी त्यांचा सुरुवातीच्या दिवसांत संबंध आला होता. तो कार्यक्रम मध्य प्रदेश सरकारने २००२ साली बंद केला, पण त्यातून निघालेली पुस्तके आणि प्रयोग बंद करता आले नाहीत.

दुसरी सूचना माझ्या जुन्या अपराधाशी निगडित आहे. खडू ही खपाऊ वस्तू आहे. तो संपला म्हणून कोणी मुख्याध्यापकाला जाब विचारत नाही, उलट वर्षभर खडूची पेटी तशीच राहिली तर विचारतो. टॅब्लेट मात्र डेड स्टॉक. शाळेला दिलेले उपकरण चार वर्षांत झिजून संपणार हे गृहीत धरून त्याची नोंद खपाऊ वस्तूंत करावी, ठराविक प्रमाणातील मोडतोड मुख्याध्यापकानेच निर्लेखित करावी, आणि तपासणी पथकाने 'फुटले का?' याऐवजी 'झिजले का?' हे पाहावे. चोऱ्या होतील, क्रिकेटही पाहिले जाईल. त्याची किंमत कुलपात म्हातारे होणाऱ्या यंत्रांच्या किमतीपेक्षा कमी आहे असा माझा अंदाज आहे. हे मत मी योग्य त्या ठिकाणी लेखी मांडले आहे. त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा आला आहे, आणि सरकारी भाषा जाणणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगावयास नको.

गुरुजींची ती रक्कम परत करण्याची तरतूद कोणत्याही नियमात नाही. मी शोधली आहे.

सरांच्या टिपणांविषयी थोडे सांगून थांबतो. सर हयात नाहीत. कायद्याने त्या पानांवर त्यांच्या वारसांचा हक्क आहे, म्हणून मी त्यांच्या चिरंजीवांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की घरात बाबांच्या हस्ताक्षराचा एक कागदही उरलेला नाही, आधी आम्हांला पाठवा. पाने स्कॅन करून त्यांना पाठविली. नाव घालू नये एवढ्या एका अटीवर त्यांनी ती सर्वांसाठी खुली करण्यास संमती दिली आहे. एकूण १४३ पाने आहेत. त्यांतील अकरा पानांची शाई इतकी फिकट झाली आहे की ती पुन्हा हाताने उतरवावी लागतील, ते काम मी रविवारी करीत असतो. पान ५७ वर एका प्रश्नाच्या उत्तरात चूक होती; माझ्या आधीच्या कोणीतरी ती लाल शाईने दुरुस्त केलेली आहे, तीही तशीच ठेवली आहे. त्रिकोणमितीचे प्रकरण माझ्याकडे नाही. ते मी १९८७ च्या उन्हाळ्यात खालच्या वर्गातील कोणाला तरी दिले होते, कोणाला ते आठवत नाही. भिलाईच्या त्या वर्षांतील कोणी मराठी मंडळी आज नागपूर, पुणे, बंगळुरू किंवा सातासमुद्रापार असतील, तर त्यांनी आपापल्या माळ्यावर एकदा पाहावे.